रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर (छंद)

जमिनीवर उभे राहून ट्रान्समीटरने चालवायच्या लहान हेलिकॉप्टरची जुळणी, ट्यूनिंग आणि उड्डाण यांचा हा छंद आहे. खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, एकावर एक दोन रोटर असलेली हेलिकॉप्टरे आपोआप स्थिर राहतात, पण वाऱ्यात निरुपयोगी ठरतात. छंदाची खरी सुरुवात कलेक्टिव्ह पिच असलेल्या, म्हणजे पात्यांचा कोन उडताना बदलणाऱ्या यंत्रापासून होते. शिकण्यासाठी ४५० वर्ग सोयीचा. त्याचे पाते साधारण ३२५ मिलिमीटर लांब, रोटरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर, वजन बॅटरीसह ८०० ग्रॅमच्या आसपास. २५० वर्गाचे यंत्र स्वस्त वाटते, पण ते इतके चपळ असते की नवशिक्याला ते उड्डाणात सावरता येत नाही आणि टेबलावर नीट जुळवताही येत नाही.

अशी हेलिकॉप्टरे प्रत्यक्ष उडवण्याजोगी झाली ती १९६०च्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांच्या कामामुळे. तेव्हा इंजिनावर चालणारी ही यंत्रे मोठी आणि महाग होती. २००० नंतर ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आल्या, तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० बाजारात आले आणि छंद घरच्या टेबलावर पोचला.

बडोद्यात या छंदाला लागणारे हस्तकौशल्य नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत फाइल, व्हर्नियर आणि लेथ ओळखीचे आहेत. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटी टर्निंगची कामे होतात. तरीही रोटरचे शाफ्ट तिथून करून घेऊ नयेत. कडक केलेल्या पोलादाचा तयार शाफ्ट स्वस्त पडतो आणि सरळही असतो.

टेबलावरची जुळणी

हेलिकॉप्टर मैदानात नीट उडणार की नाही, हे बहुतेक वेळा टेबलावरच ठरते. पहिले काम म्हणजे मोटरच्या तिन्ही तारा स्पीड कंट्रोलरपासून सोडवणे. जुळणी चालू असताना मोटर चुकून सुरू झाली तर बोटे जातात. मग ट्रान्समीटरवरची थ्रॉटल-कलेक्टिव्हची काडी बरोबर मध्यावर ठेवून तिन्ही सर्व्होंचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरींचे) आर्म लिंकशी, म्हणजे त्यांना जोडलेल्या दांडीशी, काटकोनात आणावेत. आर्म दात्यांवर जिथे जवळात जवळ बसेल तिथे बसवावा आणि उरलेला फरक सबट्रिमने (ट्रान्समीटरमधल्या बारीक दुरुस्तीने) काढावा. या स्थितीत स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी) मुख्य शाफ्टला लंब आणि पात्यांचा कोन शून्य अंश हवा. कोन पिच गेजनेच मोजावा, नजरेचा भरवसा धरू नये. काडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेल्यावर अधिक-उणे १० ते ११ अंश पुरेत. नवशिक्याने सुरुवातीला खालची बाजू उणे ३ अंशांवर ठेवावी, म्हणजे घाबरून काडी खाली ओढली तरी यंत्र जमिनीवर आपटत नाही. शेवटी कलेक्टिव्ह टोकाला नेऊन सायक्लिकची, म्हणजे यंत्र झुकवणारी काडी चारही कोपऱ्यांत फिरवावी. कुठे सर्व्हो गुणगुणला तर तिथे लिंक अडते आहे, आणि असा सर्व्हो हवेतच जळतो.

फ्लायबार (रोटरवरची स्थिरता देणारी आडवी दांडी) नसलेल्या यंत्रात जायरोची (यंत्राचे वळणे ओळखून ते सावरणाऱ्या सेन्सरची) दिशा तपासल्याशिवाय उड्डाण करू नये. यंत्र हातात धरून नाक खाली झुकवले की स्वॉशप्लेट मागे झुकली पाहिजे. तसेच नाक डावीकडे वळवले की टेलच्या पात्यांनी नाक उजवीकडे आणणारा कोन घेतला पाहिजे. यांपैकी एकही दिशा उलटी असेल तर यंत्र जमीन सोडताच पालथे होते किंवा गरगर फिरते.

मोटर ३५०० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे), पिनियन (मोटरवरचे लहान दातेरी चाक) १३ दात्यांचे, मुख्य गिअर १५० दात्यांचा ही ४५०ची रुळलेली जोडी. ११.१ व्होल्टवर हिशेबाने रोटरचे ३३६० च्या आसपास फेरे येतात, पण भाराखाली प्रत्यक्षात २७०० ते २८०० मिळतात. पिनियन आणि गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळावी. पट्टी न फाटता बाहेर आली, तिच्यावर दात्यांच्या घड्या उमटल्या, तर फट बरोबर.

मिनिटाला २७०० फेऱ्यांवर पात्याचे टोक ताशी सुमारे ३५० किलोमीटर वेगाने जाते. पाते ३० ग्रॅमचे धरले तर त्याच्या बोल्टवर ४५ किलोच्या आसपास ओढ पडते. म्हणून धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूचे तेल स्पिरिटने पुसून त्याला निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावावा. प्लास्टिकजवळ तो लावू नये, प्लास्टिक ठिसूळ होते.

थरथर

टेल डोलणे, जायरो भरकटणे, स्क्रू ढिले पडणे या वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: थरथर. ती झाकण्यासाठी जायरोचा गेन (सावरण्याचा जोर) कमी करत जाणे ही या छंदातील सर्वांत खर्चिक सवय आहे.

शोध क्रमाने घ्यावा. मुख्य पाती काढून मोटर फिरवावी. उभे शेपूटपंख धूसर दिसायचे थांबले तर दोष पात्यांत, फेदरिंग शाफ्टमध्ये (दोन्ही पात्यांच्या पकडी जोडणाऱ्या आडव्या दांड्यात) किंवा त्याच्या रबरी डॅम्परमध्ये आहे. थरथर कायम राहिली तर टेलची पातीही काढून पुन्हा पाहावे. टेल रोटर मुख्य रोटरच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरतो, म्हणून त्याची थरथर बारीक आणि किणकिणणारी असते. दोन्हींकडची पाती काढूनही फरक पडला नाही तर मुख्य शाफ्ट किंवा बेअरिंग पाहावे. शाफ्ट काचेवर लोटला की वाक लगेच दिसतो. फेदरिंग शाफ्ट मात्र प्रत्येक आपटीनंतर न तपासताच बदलावा, ती पैशाची बचत करण्याची जागा नव्हे.

पाती एका रेषेत फिरतात का हे पाहण्यासाठी एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावावी, दुसऱ्याला तेवढीच निळी. पाच-सहा मीटरवरून, डोळा रोटरच्या पातळीत ठेवून दुसऱ्याने पाहावे. खाली चालणाऱ्या पात्याची लिंक अर्धा किंवा एक फेरा लांब करावी. पात्यांचे बोल्ट इतकेच आवळावेत की यंत्र कुशीवर धरले तर पाती आपोआप पडणार नाहीत, पण हलक्या झटक्याने हलतील.

टेलचा गेन वाढवत न्यावा. टेल भराभर डोलू लागले की तीन-चार अंक खाली यावे.

उड्डाण

आधी सिम्युलेटरवर तीस-चाळीस तास, मग मैदान. यंत्राखाली बांबूच्या काड्यांची फुली बांधून टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावले की आपटीचा खर्च बराच वाचतो. टेल आपल्याकडे ठेवून सात-आठ मीटरवर हॉव्हर करावे, म्हणजे यंत्र हवेत एका जागी स्थिर ठेवावे, आणि तेही कमरेएवढ्या उंचीवर. वीतभर उंचीवर रोटरचाच वारा जमिनीवर आपटून यंत्र डळमळते आणि दोष हातांना दिला जातो. हॉव्हरमध्ये यंत्र किंचित उजवीकडे कललेले दिसते. टेल रोटर त्याला डावीकडे ढकलत असल्याने तो कल लागतोच, ट्रिमने तो काढायला जाऊ नये. त्यानंतर आळीपाळीने दोन्ही कुशी आपल्याकडे, मग नाक आपल्याकडे, मग आठचा आकडा. सरळ खाली वेगाने उतरू नये. रोटर स्वतःच्याच घुसळलेल्या हवेत सापडतो आणि पिच वाढवले की अधिकच बसतो. अशा वेळी नाक पुढे झुकवून बाहेर पडावे.

तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरने चार्ज करावी. टायमर पाच मिनिटांचा लावावा आणि एकूण क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वापरू नये. ठेवणीतला व्होल्टेज दर सेलला ३.८. फुगलेली बॅटरी परत वापरू नये.

बडोद्याचे हवामान आणि नियम

मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो तेव्हा हवा जानेवारीच्या सकाळपेक्षा आठ-दहा टक्के विरळ असते. हिवाळ्यात जुळवलेले यंत्र त्यामुळे आळशी वाटते आणि हॉव्हरला जास्त पिच मागते. मोटरही तापते, म्हणून उन्हाळ्यात उड्डाण सकाळी आठच्या आत उरकावे आणि बॅटऱ्या गाडीत ठेवू नयेत. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उलटा त्रास होतो. टेलचा रबरी पट्टा स्थिर विद्युतभार साठवतो आणि ठिणगी पडली की सर्व्हो झटका खातात. टेल बूम आणि मोटरचे माउंट पातळ तारेने जोडले की हे थांबते.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचे मायक्रो. ४५० मायक्रोत येते. विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरपर्यंतचा भाग जमिनीपासूनच पिवळा मानला जातो आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. हरणीचा विमानतळ शहराला लागून असल्याने रावपुरा, दांडिया बाजार आणि आसपासची मैदाने निर्बंध असलेल्या भागात येतात. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहावा.

उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या) आधीचे आठ-दहा दिवस आणि नंतरचा आठवडा यंत्र घरीच ठेवावे. मांजा हवेत दिसत नाही. तो टेलच्या पात्यांना लागला की शाफ्टभोवती गुंडाळत पट्टा अडवतो आणि त्याच क्षणी टेलचा ताबा सुटतो. मैदान रिकामे झाले तरी गवतात तुकडे पडलेले असतात. फेब्रुवारीतल्या पहिल्या उड्डाणाआधी उतरण्याची जागा पायी फिरून साफ करावी, आणि उड्डाणानंतर टेल शाफ्ट बोटाने फिरवून पाहावा. जड लागला तर बेअरिंगच्या मागे दोरा सापडतो.