आठ फुटी फळीचा उतार

20 नोव्हेंबर 2024. विधानसभेचं मतदान. आमचं केंद्र परळच्या एका शाळेत, आणि शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या. त्यांच्यावर प्लायवूडची फळी टाकलेली, फळीवर चुका मारून हिरवं कार्पेट ठोकलेलं, शेजारी व्हीलचेअरचं चित्र डकवलेलं. कागदोपत्री रॅम्प झाला होता.

माझा शाळासोबती लहानपणी पोलिओ झालेला, चाकांवरच वाढलेला. फळीच्या तोंडाशी खुर्ची थांबवून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "ही घसरगुंडी आहे रे. मोज."

केंद्रात फोन न्यायचा नसतो, पण टेपला बंदी नाही. त्याच्या खुर्चीच्या पाठीमागच्या पिशवीत एक कायम असते. पायऱ्यांची उंची भरली 45 सेंटिमीटर आणि फळी बरोबर 244. म्हणजे आठ फूट. प्लायवूडचा तक्ताच आठ बाय चारचा येतो! त्या उताराचा कोन कुठल्या इंजिनिअरने नव्हे, प्लायवूडच्या दुकानाने ठरवला होता.

तीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे उतरणीचं गणित मला झोपेतही येतं, पण ते दरवेळी लाकडी ठोकळ्यावर केलेलं. इथे ठोकळ्याच्या जागी मित्र होता. तो 70 किलोचा, खुर्ची 18 किलोची, एकूण 88. उतारावर वजनाचा जो हिस्सा माणसाला मागे खेचतो, तो उंची भागिले लांबी या प्रमाणात असतो. 45 भागिले 244 म्हणजे 0.18. अठ्ठ्याऐंशीला त्याने गुणलं की 16 किलोच्या वर जातं. पाण्याने गच्च भरलेली बादली एकसारखी ओढत वर जावं तसं, आणि तेही फक्त दोन मनगटांच्या जोरावर. मध्ये दम घ्यायला थांबलं तरी बादली सोडता येत नाही.

सार्वजनिक इमारतींतल्या रॅम्पसाठी आपल्याकडचं मान्य प्रमाण 1:12 आहे. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. त्या उतारावर तेच 88 किलो फक्त सात किलोंच्या आसपास मागे ओढतात. श्रम एकूण तेवढेच, कारण चढायची उंची तीच. ते लांब अंतरावर वाटले जातात, एवढंच. चढणीचा घाट नागमोडी असतो त्याचंही कारण हेच.

पण माझ्या मित्राला बादलीची फारशी काळजी नव्हती. त्याला भीती होती मागे उलटण्याची. सपाटीवर खुर्ची आणि माणूस यांचा गुरुत्वमध्य मागच्या मोठ्या चाकांच्या थोडा पुढे असतो, म्हणून पुढची छोटी चाकं जमिनीवर टेकून राहतात. उतारावर सगळंच मागे कलतं. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची दोरी मागच्या चाकांकडे सरकते, आणि तिथून पलीकडे गेली की खुर्ची पाठीवर. 1:12 च्या उताराचा कोन पावणेपाच अंशांच्या आसपास. फळीचा साडेदहा. त्यात चढण्यासाठी जोराचा हिसका दिला की पुढची चाकं उचललीच म्हणून समजा. म्हणून तो अशा ठिकाणी छाती गुडघ्यांना लावून चढतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचारा थकलाय.

त्या दिवशी चढलाच नाही. दोन स्वयंसेवक धावत आले आणि खुर्चीसकट उचलून त्याला आत नेऊन ठेवलं. मनापासून केलं त्यांनी, पण मत गुप्त आणि मतदार वरातीत असा तो प्रकार होता. आत जाताना मला ऐकू येईल इतक्याच आवाजात तो म्हणाला, "मला दिव्यांग म्हणतात हल्ली. दिव्य अंग राहू दे, एक कठडा द्या."

खरं तर हा उपकाराचा मामला नाहीच. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 चा आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. त्याच्या 11 व्या कलमात सगळी मतदान केंद्रं सुगम असावीत याची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकलेली आहे. आमच्या त्या मतदानाच्या बाराच दिवस आधी, 8 नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचा एक सरकारी नियम कायद्याशी विसंगत ठरवला होता. हरकत साधारण अशी, की बंधनकारक किमान निकष घालून देण्याऐवजी त्या नियमाने नुसत्या शिफारशींची जंत्री करून ठेवली. शिफारस पाळली तर पाळली. निकष मात्र टेप लावून तपासता येतो. माझ्या मित्राच्या पिशवीतली टेप न्यायालयाच्या आधीपासून हेच सांगत होती, असं मी त्याला म्हटलं तर तो लाजला.

रांगेत आमच्या मजल्यावरच्या मावशीही होत्या. जन्मांध, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. पूर्वी मुंबईतल्या कितीतरी अंध मुलामुलींना हीच नोकरी मिळायची. नियमानुसार अंध मतदाराला सोबती नेता येतो. तो अठरा पूर्ण केलेला हवा, गुप्तता पाळण्याचं लिहून द्यायचं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती व्हायचं नाही. मावशी कुणालाही नेत नाहीत. "सून चांगली आहे, पण ती कुणाला देते ते मला माहितीये," एवढंच त्यांचं कारण.

त्यांना आधी ब्रेलमधली नमुना मतपत्रिका वाचायला देतात. तीवरून हव्या त्या उमेदवाराचा क्रमांक कळतो. मग यंत्रावर बटणांच्या कडेला ब्रेल आकडे असतात, ते चाचपून बटण दाबायचं. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असतात आणि या मापामागे आपली कातडी आहे. बोटाच्या टोकावर दोन टाचण्या एकाच वेळी टेकवल्या, तर त्यांच्यातलं अंतर दोनेक मिलिमीटरपर्यंत आलं तरी त्या दोन आहेत हे कळतं. त्याहून जवळ आल्या की एकच वाटते. तळहातावर किंवा पाठीवर हे अंतर कितीतरी जास्त लागतं. म्हणजे ब्रेल हे बोटाच्या टोकाला वाचता येईल इतकंच बारीक आहे. मधुमेहाने दृष्टी गेलेल्या कुणाकुणाच्या बोटांतही बधिरपणा येतो, तेव्हा अंध आहे म्हणजे ब्रेल वाचणारच असं धरून चालत नाही.

मावशींनी बटण दाबलं, यंत्र लांब वाजलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "झालं?" तर म्हणाल्या, "शिट्टी झाली. चिठ्ठीचं देव जाणे." दिलेल्या मताची चिठ्ठी शेजारच्या यंत्राच्या काचेआड 7 सेकंद दिसते आणि खाली पडते. डोळस मतदाराला तेवढा ताळा मिळतो, मावशींना मिळत नाही. माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत हा मुद्दा आलाच नव्हता.

मतदान पाच वर्षांतून एकदा. एरवीचं नागरिकत्व सूचना, हरकती, वॉर्डातल्या बैठका यांच्यावर चालतं, आणि तिथे मावशींचा फोन त्यांच्यासाठी वाचतो. मध्यंतरी एका कार्यालयाची बैठकीची सूचना आली, संगणकावर टाइप केलेली, शुद्ध मराठीत. मावशींच्या फोनने ती उघडली आणि इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टक्के असलं काहीतरी बरळायला लागला. त्यांना वाटलं फोन बिघडला.

फोन धडधाकट होता. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत एक चलाखी असायची. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच संकेतांक साठवायचा, आणि पडद्यावर त्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढायचं. डोळ्याला "सभा" दिसते, आत भलतंच असतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चित्र बघत नाही, संकेतांक वाचतं. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना 1991 पासून स्वतःचे संकेतांक आहेत, तरी कचेऱ्यांतून जुने फॉन्ट अजून सुटत नाहीत. छपाईत काही बिघडत नाही ना! त्याहून वाईट म्हणजे नोटिशीचा फोटो काढून तो व्हॉट्सअॅपवर टाकणं. फोटोत अक्षरंच नसतात, नुसते रंगीत ठिपके. ते ओळखायला आणखी एक अॅप लागतं, आणि फोटो वाकडा किंवा शिक्का मधोमध बसलेला असला की तेही हात टेकतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे समजावून सांगितलं. आता ते फोटोखाली दोन ओळी टाइप करतात. कधी विसरतात.

रस्त्याचं काय सांगावं. फूटपाथवरच्या पिवळ्या उंचसखल फरशा जपानमधल्या ओकायामात 1967 मध्ये पहिल्यांदा बसल्या, सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून. लांब पट्ट्या म्हणजे असंच पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा. ही भाषा आहे, पण आमच्याकडचा ठेकेदार तिला नक्षी समजतो. पट्ट्यांची ओळ थेट झाडाच्या बुंध्यात नेलेली मी स्वतः पाहिली आहे. मोटरसायकली चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवतात, त्यांच्यातून व्हीलचेअरही जात नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने त्याबद्दल ईमेल केला आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्रश्न हाताएवढ्या फटीचा होता.

राहता राहिली आमची इमारत. दोन पायऱ्या, 30 सेंटिमीटर. माझा मित्र तळमजल्यावर राहतो आणि रोज वॉचमन त्याला उतरवतो. वॉचमन रजेवर असला की मित्रही रजेवर. वार्षिक सभेत रॅम्पचा ठराव एकमताने झाला, टाळ्याही वाजल्या. मग गवंडी आला. तीस गुणिले बारा, 3.6 मीटर, असं म्हणत आम्ही टेप सोडली, तर तिचं टोक पार्किंगमध्ये गेलं. गवंड्याने डोकं खाजवलं. "साहेब, पाच स्कूटरी हलवाव्या लागतील. नायतर थोडा उभा करू? दीड मीटरमध्ये बसवतो."

दीड मीटर म्हणजे 1:5. त्या फळीपेक्षाही थोडा खडा. मी नाही म्हटलं, मित्राने त्याच्याहून मोठ्याने नाही म्हटलं. गवंड्याने खडूने 3.6 मीटरची रेघ मारली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेवर चार स्कूटर होत्या. पाचवी कुणीतरी भिंतीकडे सरकवलेली.