पेंढा मुरवायचा तर

डिसेंबर सरला की सड्यावरचं गवत वाळून कडक होतं आणि पावसाळ्यापर्यंत कोकणातल्या गुरांची भिस्त भाताच्या पेंढ्यावर राहते. उडव्या उंच दिसतात, पण त्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. ऊर्जा सेल्युलोजमध्ये असते खरी; तिला लिग्निनचा (काडीला कडकपणा देणाऱ्या घटकाचा) आणि सिलिकेचा असा वेढा असतो की कोटीपोटातल्या (गुरांच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंना तिथवर पोचणं अवघड जातं. पोट भरतं, अंग धरत नाही.

हा वेढा सैल करायला युरिया कामी येतो. ओलसर पेंढ्यावरच्या जिवाणूंचं युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियापासून अमोनिया बनवतं. अमोनियामुळे तंतूंमधले बंध तुटतात. शिवाय त्यातला काही पेंढ्यात मुरतो आणि कोटीपोटातले जिवाणू त्यापासून प्रथिनं बांधतात. प्रथिनांचं प्रमाण 7-8 टक्क्यांवर जातं.

100 किलो कोरड्या पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात खडा न राहता विरघळवलेला. खाली प्लास्टिक, त्यावर 20 किलो पेंढ्याचा थर, झारीने 10 लिटर द्रावण, मग पायांनी नीट तुडवायचा. थरांमागून थर झाले की ताडपत्री टाकून कडा माती-चिऱ्यांनी दाबायच्या आणि 21 दिवस हात लावायचा नाही.

उघडल्यावर पेंढा तपकिरी, मऊ आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाचा हवा. वासच नसेल तर ताडपत्रीतून अमोनिया निसटलेला असतो. पाणी कमी पडलं तर विकर काम करत नाही. पांढरी बुरशी दिसली तर आत हवा राहिलेली असते. असा पेंढा सरळ टाकून द्यावा. पावसात भिजून आधीच बुरसलेला पेंढा मुरवून सुधारेल, ही आशाही फोल आहे.

खायला घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्यावा. सुरुवात मूठभराने, आठवड्यात पूर्ण मात्रेवर. सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच नको. आणि युरियाचं उरलेलं पाणी गोठ्यात ठेवू नये: गाय ते प्यायली तर पोट फुगून, अंग थरथरून तासाभरात दगावू शकते.

पेंढ्यातलं ऑक्झलेट हे क्षार कॅल्शियम अडवून धरतं. म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावं, दुभत्या गाईला तर नक्कीच.