फिरती नेत्रतपासणी गाडी: बोलावण्यापूर्वी आणि तपासणीनंतर

ठाण्यात आणि नवी मुंबईत डोळ्यांचे दवाखाने कमी नाहीत. अडचण आहे ती दिवस मोडण्याची. रबाळ्याच्या कारखान्यातला ऑपरेटर, तुर्भे स्टोअर वस्तीतून घरकामाला जाणाऱ्या ताई, येऊरच्या पाड्यावरचे आजोबा, यांना डोळे दाखवायचे तर एक रोज बुडतो. चष्मा आणायला गेले की दुसरा बुडतो. शिवाय डोळा दुखत नसला की माणूस दिवस ढकलत राहतो. ही खेप वाचावी म्हणून आम्ही गाडी तुमच्या सोसायटीत, कारखान्यात किंवा शाळेत आणतो. गाडीत काय होते, काय होत नाही आणि तुमच्याकडून काय तयारी लागते ते या पत्रकात आहे.

जागा आणि वीज

आमची गाडी सुमारे ७ मीटर लांब आणि ३ मीटर उंच आहे. घोडबंदर रोडवरच्या अनेक टॉवरांच्या पोडियम पार्किंगमध्ये ती शिरत नाही, म्हणून गेटजवळची किंवा इमारतीबाहेरची मोकळी जागा आधी मोजून कळवा. जमीन सपाट हवी. उतारावर गाडी कलली की तपासणीचे टेबल कलते, माणसाची हनुवटी टेकणीवर नीट बसत नाही आणि यंत्राचे माप चुकते. आम्ही जॅक लावतो, पण मोठा उतार जॅकने निघत नाही.

१५ अँपिअरचा एक पॉइंट लागतो, तोही अर्थिंग असलेला. वीज गेली तर इन्व्हर्टरवर यंत्रे दोन तास चालतात, एसी चालत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभ्या केलेल्या गाडीत एसीविना बसवत नाही, म्हणून सावली पाहून जागा द्या. याशिवाय एक अंधार करता येईल अशी खोली आणि २० खुर्च्या लागतात. नजरेचा तक्ता ६ मीटरवर लावायचा असतो आणि गाडीत तेवढे अंतर मिळत नाही. आमच्याकडे ३ मीटरचा तक्ता आहे, पण सहा मीटरची खोली मिळाली तर आम्ही तीच वापरतो.

कोणती वेळ धरावी

दिवसाला साधारण ८० जणांची तपासणी नीट होते. दीडशे नावे लिहिली तर नंबर काढण्याची घाई होते आणि घाईत काढलेल्या नंबराचा चष्मा महिन्याभरात कपाटात जातो. वाशीच्या भाजी मार्केटात माल मध्यरात्रीनंतर उतरतो, त्यामुळे माथाडी कामगार दुपारी मोकळे होतात. तिथे सकाळी नऊची वेळ ठरवली तर कोणी येत नाही. कारखान्यात पाळी बदलायच्या तासाभर आधी सुरुवात करणे बरे, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसे सापडतात.

तपासणी कशी होते

आधी प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी पाहतो. तक्ता अंधूक दिसला तर सव्वा मिलिमीटरच्या भोकातून पुन्हा वाचायला लावतो. भोकातून स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याने काम भागते. तसे झाले नाही तर मोतीबिंदू, डोळ्याच्या आतला पडदा किंवा मेंदूकडे जाणारी नस यांत काही आहे का ते पाहावे लागते. या साध्या चाचणीने रांग दोन भागांत वाटली जाते आणि डॉक्टरांचा वेळ ज्याला लागतो त्याला मिळतो.

मग यंत्रावर नंबर. यंत्राचा कागद म्हणजे अंदाज, तो जसाच्या तसा चष्म्यात घालू नये. लहान मुले यंत्रात पाहताना डोळा ताणतात, त्यामुळे उणे नंबर जास्त येतो. मुलांना थेंब घालून, ताण सोडवून मगच नंबर ठरतो. शाळेत ६/९ ची ओळ (निकोप नजरेला ९ मीटरवरून वाचता येणारी ओळ ६ मीटरवरून) न वाचणाऱ्या किंवा तिरळे पाहणाऱ्या मुलाला आम्ही पुढे पाठवतो. एक डोळा आळशी राहिला असेल तर तो जितक्या लहान वयात कळेल तितका सुधारतो. पालकांची सही नसेल तर थेंब घालत नाही, तेव्हा संमतीपत्र आठवडाभर आधी घरी पाठवा.

चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतो, आणि तो कामाच्या अंतरावर ठरतो. ४० सेंटीमीटरवर वर्तमानपत्र वाचण्याचा चष्मा ६५ सेंटीमीटरवरच्या स्क्रीनला धूसर पडतो. म्हणून तुम्ही काय काम करता ते आम्ही विचारतो, आणि शिलाई करणाऱ्यांनी आपली सुई नेहमी जिथे धरतात तेवढ्या अंतरावर धरून दाखवावी. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आणि सिलिंडर (तिरपा नंबर) नसेल तर तयार चष्मा त्याच दिवशी मिळतो. नाहीतर काचा घडवून आणायला आठ ते दहा दिवस लागतात. चष्मा आमच्याकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. नंबराचा कागद तुमचाच असतो.

चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा डोळ्याचा दाब पाहतो. १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा सर्वसाधारण पट्टा, पण तेवढ्यावर काचबिंदू नाही असे म्हणता येत नाही, कारण दाब बरोबर असूनही नस झिजते. घरात कोणाला काचबिंदू असेल तर ते जरूर सांगा. अशांना नसेचा फोटोही काढतो.

शुगर असलेल्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा दाखवावाच. रक्त झिरपायला लागले तरी सुरुवातीला दिसण्यात फरक पडत नाही, आणि फरक पडतो तेव्हा बरेच बिघडलेले असते. बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू पिकत आला असेल तर फोटो धुरकट येतो. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालतो, २० ते ३० मिनिटे बसवतो. त्यानंतर चार ते सहा तास उजेड डोळ्यांत घुसतो, अक्षरे फाटतात. त्या दिवशी दुचाकी चालवू नका, यंत्रावर उभे राहू नका, सोबत कोणी असू द्या. डोळ्याचा पुढचा कप्पा (बुबुळापुढची जागा) उथळ दिसला तर आम्ही हे थेंब घालत नाही, कारण दाब अचानक चढू शकतो.

सोबत काय आणावे

जुना चष्मा (तुटका असला तरी), शुगर-बीपीची फाइल, सुरू असलेल्या औषधांची पाने. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना कळायलाच हवे, कारण त्याने बुबुळ सैल होते. लाल डोळ्यासाठी दुकानातून आणून महिनोन्‌महिने घातलेले थेंब असतील तर त्याची बाटली दाखवा. त्यात स्टिरॉइड असेल तर दाबही वाढतो आणि मोतीबिंदूही येतो. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स २४ तास आधी काढून ठेवा.

कारखान्याच्या व्यवस्थापनाला

कामगाराचा अहवाल आम्ही कामगाराच्या हातात देतो. कंपनीला एकूण किती जणांना चष्मा लागला, किती जणांना पुढे पाठवले एवढाच आकडा मिळेल. नाव हवे असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला नोकरी जाईल अशी भीती असली की तो तपासणीला येत नाही, आणि मग त्याची झिजणारी नस कोणाच्याच लक्षात येत नाही.

गाडीची वाट पाहू नये अशी वेळ

एकाएकी दिसेनासे होणे, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे किंवा चमक आणि काळे ठिपके दिसणे, लाल डोळ्यासोबत जोरात दुखणे आणि उलट्या: त्याच तासात रुग्णालय गाठा. रसायन उडाले तर आधी स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा, मग निघा. चुना, सिमेंट, कॉस्टिक उडाले तर धुणे सुरू करायला एक मिनिटही लावू नका.

नंतरचे काम

सन २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचे कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदू निघाले. तो थेंबांनी विरघळत नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि ती गाडीत होत नाही, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच होते. १९७६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. पुढे पाठवायच्या माणसाला आम्ही लाल चिठ्ठी देतो, आणि तिची एक प्रत तुमच्या समन्वयकाकडे राहते. इथेच बहुतेक शिबिरे अडखळतात: चिठ्ठी खिशात राहते, कारण पुढे सोबत जायला कोणी नसते. म्हणून नोंदणीच्या वेळीच प्रत्येक वाडीतून, विंगेतून किंवा खात्यातून एक सोबती ठरवा. आम्ही पंधराव्या दिवशी फोन करतो आणि महिन्याने उरलेल्या चिठ्ठ्या पुन्हा विचारतो.

पावसाळ्यात

डोळे येण्याची साथ असली, जशी २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात होती, तर ठरलेला दिवस आम्ही पुढे ढकलतो. हनुवटी टेकणी प्रत्येकानंतर स्पिरिटने पुसतो, तरी रांगेत हात डोळ्यांना लागतातच. डोळा लाल किंवा चिकट असेल त्याने त्या दिवशी येऊ नये, आम्ही त्याची वेळ राखून ठेवू. मुसळधार पावसात ठाणे-बेलापूर रस्ता तुंबला तर सकाळी सातपर्यंत निरोप जाईल, आणि नवी तारीख त्याच आठवड्यात मिळेल.