डिलीट केलेले आणि पुसलेले

एखादा फोटो 'डिलीट केला' आणि तो 'पुसून टाकला' ही दोन वाक्ये आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. यंत्राच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या क्रिया आहेत. त्यांतला फरक समजायला तांत्रिक ज्ञानाचीही फारशी गरज नाही, घड्याळाकडे पाहिले तरी पुरे. मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवायला काही मिनिटे लागतात आणि तोच डिलीट करायला क्षणही लागत नाही. लिहिलेले खरोखर खोडायचे असते, तर त्यालाही साधारण लिहिण्याइतकाच वेळ लागायला हवा होता. ज्या अर्थी तो लागत नाही, त्या अर्थी मूळ मजकुराला कोणी हातच लावलेला नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. पेनड्राइव्हवर आणि लहान मेमरी कार्डांवर आजही आढळणाऱ्या फॅट या जुन्या फाइल-रचनेत फाइल डिलीट करताना फाइलींच्या यादीत तिची जी नोंद असते, तीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण बसवली जाते आणि तिने व्यापलेली जागा 'मोकळी' म्हणून मांडली जाते. 1991 साली आलेल्या एमएस-डॉस 5.0 या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या संगणक-प्रणालीत डिलीट झालेली फाइल परत आणण्यासाठी 'अनडिलीट' नावाची आज्ञा होती. फाइल परत आणताना ती वापरणाऱ्यालाच विचारत असे, की या नावाचे पहिले अक्षर कोणते होते ते सांगा. नावातले तेवढेच अक्षर गेलेले असे आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर मजकूर जिथल्या तिथे असे. रिसायकल बिनमध्ये पडलेल्या फाइलच्या बाबतीत तर एवढेही घडलेले नसते, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेली असते.

याचा प्रत्यय मला कॅमेऱ्याच्या कार्डाने दिला. चुकून डिलीट झालेले एका सहलीचे फोटो मी रिकव्हरी सॉफ्टवेअरने शोधायला घेतले. ते मिळालेच, पण त्यांच्यासोबत दोन वर्षांपूर्वीचे, मी केव्हाच विसरलेले फोटोही वर आले आणि मधल्या काळात तेच कार्ड मी अनेकदा फॉरमॅट केलेले होते. आधी हायसे वाटले आणि लगेच हे कार्ड मी कोणाकोणाला वापरायला दिले होते, याची उजळणी सुरू झाली. गेलेली फाइल परत हवी असेल, तर त्या कार्डावर किंवा डिस्कवर पुढे काहीही लिहू नये आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर उतरवू नये, एवढे पथ्य इथे सांगून ठेवतो.

पुसणे म्हणजे त्या जागेवर दुसरे काही लिहून जुने वाचता येणार नाही असे करणे. फॉरमॅट या शब्दाने इथे बराच घोळ घातला आहे. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी नवी करते. पूर्ण फॉरमॅटमध्येही विंडोज एक्सपीपर्यंत डिस्कचे खराब भाग तेवढे तपासले जात, सगळीकडे शून्ये लिहिण्याची पद्धत त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आली. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान-संस्थेतल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. 2003 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार वाचता आलेल्या 129 पैकी फक्त 12 डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांमधली एक चक्क एटीएम यंत्रातली होती.

किती वेळा पुसायचे, यावरही गैरसमज आहेत. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधातली 35 वेळा लिहिण्याची पद्धत आजही मंत्रासारखी जपली जाते. वास्तविक ती त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क लक्षात घेऊन रचलेली होती आणि आधुनिक डिस्कसाठी ती पूर्ण वापरण्यात अर्थ नाही, असे खुद्द गुटमन यांनीच नंतर स्पष्ट केले आहे. फिरत्या तबकड्यांच्या आजच्या हार्ड डिस्कवर एकदा सर्वत्र लिहिणे पुरते.

एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमधल्या पेशींत मजकूर साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र हे गणित उलटते. तिथे एखाद्या फाइलवर पुन्हा लिहायला गेलो, तर पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून डिस्कचा नियंत्रक नवा मजकूर दुसऱ्याच पेशींत टाकतो आणि जुना काही काळ तसाच राहू शकतो. दुसऱ्या बाजूला, नुसते डिलीट केले तरी ट्रिम नावाच्या सूचनेमुळे डिस्क ती जागा स्वतःहून रिकामी करू लागते आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काही लागत नाही. म्हणजे पुसल्याची खात्री देता येत नाही आणि परत मिळण्याचीही आशा धरता येत नाही, अशी ही अवस्था आहे. यावरचा उपाय म्हणजे सगळा मजकूर पहिल्यापासून एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवणे आणि वेळ आली की फक्त त्याची किल्ली नष्ट करणे. आजच्या स्मार्टफोनमधले फॅक्टरी रीसेट याच तत्त्वावर चालते, म्हणूनच ते इतक्या लवकर उरकूनही विश्वासार्ह ठरते. मात्र फोनमध्ये घातलेले वेगळे मेमरी कार्ड आणि क्लाउडवरच्या प्रती त्यात येतातच असे नाही. फोन दुसऱ्याच्या हाती देताना लोक हे हमखास विसरतात.

कायद्यातही हीच दोन रूपे दिसतात. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या जुन्या थकबाकीपोटी निघालेल्या लिलावाची 1998 मधली जाहीर सूचना त्यांचे नाव शोधल्यावर गूगलवर दिसत असे. 13 मे 2014 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने असे दुवे शोधाच्या निकालांतून काढण्याची जबाबदारी गूगलवर असल्याचे ठरवले, पण वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरची मूळ सूचना तिथेच राहिली. यादीतली नोंद गेली आणि मजकूर राहिला, म्हणजे आपल्या भाषेत हे डिलीट झाले. (विस्मरणात जाण्यासाठी लढलेले ते गृहस्थ या खटल्यामुळेच जगाला माहीत झाले, हा भाग वेगळा.) 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीतले कलम 17 मात्र आपली माहिती पुसून घेण्याचाच हक्क देते. तरीही कायद्याने जपणे बंधनकारक असलेली किंवा कायदेशीर दाव्यासाठी लागणारी माहिती त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे 'तुमचे खाते डिलीट झाले' असा संदेश आला, तरी आपल्या नावाची बिले कंपनीकडे राहू शकतात आणि ते बेकायदा असेलच असे नाही.

याच्या उलट, काही वेळा पुसणे हाच गुन्हा ठरतो. अमेरिकेच्या 2002 च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने सरकारी चौकशीत अडथळा आणण्याच्या हेतूने नोंदी नष्ट करणाऱ्याला 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला भरण्यात इथे हेतू सिद्ध करणे कळीचे असते. डिलीट केलेली फाइल ही रोजच्या साफसफाईतली म्हणून खपून जाऊ शकते, पण ऐन चौकशीच्या तोंडावर ओळीने शून्ये भरलेली डिस्क आणि पुसण्याचे सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात बसवल्याची संगणकातली नोंद तपासणाऱ्याच्या हाती लागली, तर ती शून्येच वाचली जातात.