मोठा स्क्रीन म्हणजे दमदार लॅपटॉप? छे!

नागपुरात बर्डीच्या दुकानांत अजूनही ऐकू येतं, ‘इंजिनिअरिंग आहे नं? मग १५.६ इंचीच घ्या, १४ चा पुरत नाही.’ चूक. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, बस्स. वेग ठरतो प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर (जिथे फाइली साठतात).​ दोन्हींचं रिझोल्यूशन (स्क्रीनवरचे ठिपके) १९२० × १०८० आणि स्केलिंग (अक्षरं मोठी करायची सेटिंग) सारखंच असेल तर १५.६ वर मजकूर तेवढाच मावतो, फक्त मोठा दिसतो. मोठ्या बॉडीत पंख्याला जागा मिळते, हे मात्र खरं. तापणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर तो फायदा धरा. कॅडला (संगणकावर आराखडे काढायला) ऐसपैस स्क्रीन हवा? खोलीवर २४ इंची मॉनिटर एचडीएमआयने जोडा. मे महिन्यात लोकमान्यनगरच्या मेट्रोत उभ्याने जाताना पाठीवरचं वजन कळतं, वर विटेएवढा चार्जर! दुकानात स्वतःची सॅक न्या, लॅपटॉप घालून चेन लावून पाहा. आमच्या भाच्याची अजून अर्धीच लागते.