‘नाशिक’ तिसऱ्या जागी कापलं की काय उरतं?

द्राक्षाच्या पेटीवरचं लेबल, दुकानाची पावती, मोबाइलवर आलेला निरोप. गावाचं नाव अर्धवट आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. ‘फॉण्ट बिघडला’ म्हणत लोक फॉण्ट बदलत बसतात. फॉण्टचा इथे काडीचाही संबंध नसतो. शब्द चुकीच्या जागी कापलेला असतो.

मजकूर ठरावीक जागी तोडणं हे पीएचपीतलं, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या एका प्रोग्रामिंग भाषेतलं, रोजचं काम. नाशिकचा पिनकोड घ्या, ४२२००१. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, पुढचे तीन पोस्ट ऑफिस. ‘सबस्ट्र’ या फंक्शनला मजकूर, सुरुवात आणि लांबी द्यायची, मोजणी शून्यापासून. (०, ३) दिलं की ४२२ मिळतं, नुसतं (३) दिलं की ००१. हा दुसरा तुकडा मजकूरच राहू द्यावा. त्याची संख्या केली की शून्यं गळतात आणि हाती नुसता १ येतो. एमएच १५ च्या गाडीचा नंबर तोडताना शेवटचे चार अंक उणे ४ देऊन मागून काढावेत, कारण मधली अक्षरं कधी एक असतात, कधी दोन.

हे सगळं इंग्रजी अंक-अक्षरांपुरतं बिनचूक चालतं, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, संगणकाच्या साठवणुकीचा एक छोटा कप्पा. पीएचपीच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची नुसती माळ. ‘पिंपळगाव बसवंत’ या नावात काना, वेलांटी, अनुस्वार सुटे धरून आणि मधल्या मोकळ्या जागेसकट १४ चिन्हं आहेत, पण बाइट ४०: मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मोकळी जागा एक. लेबलवर २० ची मर्यादा ठेवून ‘सबस्ट्र’ चालवलं, तर ‘पिंपळग’चे १८ बाइट येतात आणि पुढच्या कान्याच्या तीनपैकी दोनच. त्या दोन बाइटांना स्वतःचा अर्थ नाही. तेच ते प्रश्नचिन्ह. असा एक तुटका तुकडा यादीत राहिला, तर यादी पानाकडे पाठवण्याजोगी करणारं ‘जेसन_एन्कोड’ सगळ्या यादीऐवजी ‘फॉल्स’, म्हणजे नकार, देतं आणि पान कोरं दिसतं.

आता यूटीएफ-८ ची, म्हणजे चिन्हं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीची, रचना बघा, कारण ती खरोखर सुंदर आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. मराठीतल्या ‘न’चे तीन बाइट २२४, १६४, १६८. बायनरीत पहिला १११०००००, दुसरा १०१००१००, तिसरा १०१०१०००. पहिल्याच्या सुरुवातीचे तीन एक सांगतात, ‘हे चिन्ह तीन बाइटांचं आहे.’ पुढच्या दोघांची सुरुवात १० ने. म्हणजे ‘मी सुरुवात नव्हे, मागे बघा.’ त्यामुळे माळेत कुठेही बोट ठेवलं तरी १० ने सुरू होणारे बाइट मागे टाकत गेलं की जास्तीत जास्त तीन पावलांत चिन्हाची सुरुवात सापडते. सगळा मजकूर पहिल्यापासून वाचावा लागत नाही. पीएचपीचं ‘एमबी_स्ट्रकट’ हे फंक्शन नेमकं हेच करतं: २० बाइट मागितले तर १८ वर थांबतं. जागा बाइटांत मोजून दिलेली असेल तिथे हेच वापरावं.

‘एमबी_सबस्ट्र’ बाइटऐवजी चिन्हं मोजतं. पण त्यानेही मराठीचं काम होत नाही. ‘नाशिक’मध्ये पाच चिन्हं आहेत: न, काना, श, पहिली वेलांटी, क. वेलांटी दिसते ‘श’च्या आधी, साठवली जाते मात्र नंतर. तिसऱ्या चिन्हावर कापलं की उरतं ‘नाश’. बाइट सगळे शाबूत, प्रश्नचिन्ह नाही, कुठलीही एरर नाही, आणि शब्द भलताच. उरलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसते. यात कुणी अपशकुन शोधू नये. नावातली अक्षरं मोजून भाग्य सांगणाऱ्यांनाही विचारावं की मोजायचं काय: ‘नाशिक’ ३ अक्षरांचं, ५ चिन्हांचं आणि १५ बाइटांचं आहे. आकडा मोजण्याच्या मापातून येतो, नावात दडलेला नसतो.

मराठी माणूस अक्षर म्हणतो त्याच्या सर्वांत जवळचं माप म्हणजे ग्राफीम. पीएचपीच्या इंटल या जोडभागातलं (एक्स्टेन्शन) ‘ग्राफीम_सबस्ट्र’ ना, शि, क असेच तुकडे धरतं. सगळी अक्षरं एकदम सुटी करणारं ‘ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट’ पीएचपी ८.४ पासून आहे, ७.४ मध्ये आलेलं ‘एमबी_स्ट्र_स्प्लिट’ चिन्हांवरच तोडतं.

जोडाक्षरांपाशी मात्र जपून. ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये १३ चिन्हं. जुन्या नियमाने हलन्तानंतर तुकडा पडायचा आणि अक्षरं ८ भरायची. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांचं सामाईक मानक. त्याच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीने देवनागरीतलं जोडाक्षर अखंड धरायचा नियम आणला. आता त्र्यं, ब, के, श्व, र अशी पाचच. हे नियम पीएचपी स्वतः ठरवत नाही, आयसीयू नावाच्या लायब्ररीकडून घेतं. म्हणून तोच कोड तुमच्या संगणकावर ५ सांगेल आणि जुन्या सर्व्हरवर ८. लेबलची रुंदी ठरवण्याआधी दोन्हीकडे आयसीयूची आवृत्ती सांगणारं ‘इंटल_आयसीयू_व्हर्जन’ छापून बघा. ७४ किंवा त्यापुढचा आकडा हवा.