इलेक्ट्रोडचा कोन बदलला, म्हणजे शोध लागला का?

एलसीडी पडद्याच्या पिक्सेल-रचनेवर पेटंट मागितलं की पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात बहुधा एकाच धाटणीचा आक्षेप येतो. डी-१ या जुन्या दस्तऐवजात हे इलेक्ट्रोड (पिक्सेलला विजेचा दाब देणारे पट्टे) आहेत, डी-२ मध्ये वाकवलेला आकार आहे, दोन्ही एकत्र करणं या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं. सबब पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे शोधकता नाही. जोडीला कलम ३(एफ) असतंच: माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतूनही आता इलेक्ट्रॉनिक्सचे अर्ज जातात, तेव्हा असे अहवाल इकडच्या प्राध्यापकांच्या मेलवरही येऊन पडतात. "एक्झामिनरने नीट वाचलंच नाही," ही त्यावरची ठरलेली प्रतिक्रिया. माझं मत थोडं वेगळं आहे. एक्झामिनरने वाचलेलं असतं. अर्जदाराने जे लिहायला हवं होतं, तेच त्यात नसतं. हा आक्षेप असा का घडला, याला पडद्याचा इतिहास जसा कारणीभूत आहे तसा कायद्याचाही.

एलसीडी म्हणजे द्रवस्फटिकांचा पडदा. या द्रवस्फटिकांची पहिली नोंद १८८८ सालची. प्रागमध्ये काम करणाऱ्या फ्रिडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेन्झोएट दोनदा वितळताना दिसलं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं हा पदार्थ प्रयोगशाळेतलं कुतूहल म्हणूनच राहिला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने त्याचा पडदा करून दाखवला, पण तो वीज खायचा आणि टिकायचा नाही.

खरी कलाटणी मिळाली ती स्वित्झर्लंडमध्ये, तीही एका औषध कंपनीत. हॉफमन-ला रोशमधल्या मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी दोन काचांमधले रेणू ९० अंशांनी पीळ दिल्यासारखे रचले. विजेचा दाब दिला की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. ४ डिसेंबर १९७० रोजी त्यांनी स्विस पेटंटसाठी अर्ज केला. इकडे ओहायोत जेम्स फर्गसन त्याच कल्पनेवर काम करत होते. त्यांचा अमेरिकी अर्ज २२ एप्रिल १९७१ चा. तारखेने रोश पुढे, पण अमेरिकेत त्या वेळी आधी अर्ज कोणी केला यापेक्षा आधी शोध कोणी लावला याला वजन होतं. वाद झाला, आणि शेवटी रोशने फर्गसन यांचे हक्क विकत घेऊन तो मिटवला. मनगटी घड्याळं आणि कॅल्क्युलेटर घरोघरी पोचले ते याच रचनेच्या जोरावर. रोशचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे भारतातही येणार आहे.

घड्याळात मोजके आकडे असतात, म्हणून प्रत्येक आकड्याला स्वतंत्र तार देता येते. चित्राचा पडदा म्हटला की गणित बदलतं. वेस्टिंगहाउसमध्ये पीटर ब्रोडी यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर देऊन पाहिला. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोम्बर यांच्या गटाने अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचा पातळ थराचा ट्रान्झिस्टर या कामाला चालतो हे दाखवलं. काचेवर, कमी तापमानात आणि मोठ्या क्षेत्रावर तो बनवता येत होता. १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत पडदा दाखवला, आणि टीव्ही भिंतीवर टांगायची गोष्ट खरी वाटू लागली.

आता एकच पिक्सेल जवळून पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. प्रत्येक उपपिक्सेलच्या कडेने ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारी आडवी गेट लाइन आणि चित्राचा दाब आणणारी उभी डेटा लाइन जाते. दोन्ही जिथे छेदतात तिथे कोपऱ्यात ट्रान्झिस्टर बसतो. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं, तर एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्या वेळात पिक्सेल-इलेक्ट्रोड भारित करायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत तो भार सांभाळायचा; त्यासाठी साठवणीचा कपॅसिटर लागतो. ट्रान्झिस्टर बंद होताना त्याच्या गेट आणि ड्रेन या दोन टोकांमधल्या नकोशा कपॅसिटन्समुळे पिक्सेलचा दाब थोडा खाली ओढला जातो आणि चित्र फडफडतं. कपॅसिटर मोठा केला तर फडफड कमी होते, पण त्याने जागा अडवली की प्रकाशाला वाट कमी उरते. एका रेषेची रुंदी बदलली की तीन ठिकाणचा हिशेब बिघडतो. पिक्सेलवरची निम्मी पेटंटं या ओढाताणीतून निघालेली आहेत असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

उरलेली निघाली बघण्याच्या कोनातून. पीळवाल्या पडद्याकडे खालून पाहिलं की काळं-पांढरं उलटं दिसायचं. जुन्या लॅपटॉपवर हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर दोन मोठे मार्ग निघाले. जर्मनीत फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या ग्युंटर बाउर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर, कंगव्याच्या दातांसारखे बसवण्याच्या रचनेवर अर्ज केला. यात रेणू उभे राहत नाहीत, काचेच्या पातळीतच फिरतात. हिताचीने १९९०च्या दशकाच्या मध्याला ही आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग, म्हणजे पातळीतच फिरणारी) रचना बाजारात आणली. दुसरा मार्ग फुजित्सूचा: रेणू मुळात उभे ठेवायचे आणि काचेवर उंचवटे देऊन ते चार दिशांना झुकवायचे.

दोन्हींत नवे दोष निघाले. आयपीएसमध्ये एका तिरक्या बाजूने चित्र पिवळसर दिसायचं, दुसऱ्या बाजूने निळसर. मग इलेक्ट्रोड मधोमध वाकवला. वरचे रेणू एकीकडे फिरतात, खालचे दुसरीकडे, आणि रंगाचा फरक एकमेकांत फिटतो. संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत डिस्प्ले बदलणाऱ्या कारागिराकडे डोळ्याला लावायचं भिंग असेल, तर त्यातून चालू आयपीएस पडदा बघा. अनेक पडद्यांवर उपपिक्सेल सरळ पट्टीऐवजी बाणाच्या टोकासारखे मोडलेले दिसतात. तो मोड म्हणजेच हा उपाय. उभ्या रेणूंच्या पडद्यात तिरकस पाहिलं की रंग फिके पडायचे. तिथे उपपिक्सेलचे दोन भाग करून दोघांना वेगवेगळा दाब दिला गेला. जपान, कोरिया आणि तैवानमधल्या कंपन्यांनी अशा प्रत्येक कोनावर, फटीवर, खाचेवर अर्ज केले. शार्प आणि सॅमसंग यांच्यात अनेक देशांत खटले चालले, ते २०१० मध्ये तडजोडीने मिटले.

मराठवाड्याकडे तेव्हा टीव्ही होता, पण वेगळा. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, आणि तिथली टीव्हीची सगळी विद्या काचेच्या पिक्चर ट्यूबभोवती उभी होती. २००५ मध्ये, जगात सपाट पडदे वेगाने पसरत असताना, व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. तो निर्णय किती महागात पडला हा वेगळा विषय. इथे मुद्दा इतकाच की गेट लाइन, डेटा लाइन, साठवणीचा कपॅसिटर यांचं हाताने काम केलेली पिढी आपल्याकडे तयार झाली नाही. पॅनेल आजही बाहेरूनच येतात. त्यामुळे पिक्सेलच्या अर्जात डी-१, डी-२ म्हणून जे समोर येतं ते जपानी नाहीतर कोरियन असतं, आणि आपल्या अर्जदाराने ते बहुधा पाहिलेलंच नसतं.

आता कायद्याची बाजू. १९११चा पेटंट आणि डिझाइन कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. स्वातंत्र्यानंतर पेटंट कायद्याचा आढावा घेणारी टेकचंद समिती आणि मग न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९चा अहवाल आला. देशात दिलेली बहुतांश पेटंटं परदेशी मालकांच्या हाती आहेत, हे त्यात स्पष्ट मांडलेलं होतं. त्यातून १९७०चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. कलम ३(एफ) हे या मूळ कायद्यातलंच.

शोधकतेची भारतीय कसोटी मात्र घडली ती भांड्यांच्या कारखान्यात. मिर्झापूरच्या एका कंपनीने भांडी घासून-तासून घेताना ती लेथवर घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीवर १९५१ मध्ये पेटंट घेतलं. दुसऱ्या उत्पादकाने आव्हान दिलं, खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा तो निकाल. कारखान्यातला कोणताही हुशार कारागीर करेल तशी सुधारणा पेटंटला पुरत नाही, आणि माहीत असलेल्या गोष्टी नुसत्या शेजारी ठेवल्याने शोध होत नाही, असा त्याचा गाभा. पितळी भांड्यांवरचा हा निकाल आजही मायक्रॉनभर रुंदीच्या इलेक्ट्रोडच्या सुनावणीत उद्धृत होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पुढे शोधकतेची व्याख्या कायद्यात आली, आणि २००५च्या दुरुस्तीने तिला आजचं रूप मिळालं: उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, वर जाणकाराला ते सहज सुचणारं नसावं. आणि इथे रोश परत येते. कर्करोगावरच्या औषधावरून रोश आणि सिप्ला यांच्यात चाललेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ मध्ये 'सहज सुचणं' कसं तपासायचं याच्या पायऱ्या घालून दिल्या. त्यातली शेवटची पायरी पिक्सेलवाल्यांच्या फार कामाची आहे: उत्तर हातात आल्यावर मागे वळून "हे तर सोपंच होतं" असं म्हणता येणार नाही.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते? समजा क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारं वाक्य, असा आहे: पट्टीसारखे इलेक्ट्रोड मध्यभागी वाकलेले, आणि पट्टीच्या टोकाशी डेटा लाइनशी होणारा कोन मधल्या भागातल्या कोनापेक्षा मोठा. एक्झामिनर डी-१ मध्ये वाकलेले इलेक्ट्रोड दाखवतो. डी-२ मध्ये टोकाशी वळवलेली फट दाखवतो, पण ती उभ्या रेणूंच्या पडद्यातली. "आमचा कोन वेगळा आहे" हे उत्तर दिलं तर अर्ज तिथेच संपला. कोन वेगळा असणं ही मांडणीच. उत्तर असं लागतं: पट्टीच्या टोकाशी विद्युतक्षेत्राची दिशा चुकते, तिथले रेणू उलट बाजूला फिरतात, काळी रेघ उमटते, पडद्यावर बोट दाबलं की ती आत सरकते आणि बोट काढल्यावरही जात नाही. टोकाचा मोठा कोन तिला जागच्या जागी अडवतो. डी-२ मध्ये रेणू मुळात उभे असल्याने ही अडचण तशी नाहीच, मग तिथला उपाय इकडे आणायचं जाणकाराला कारण काय? सोबत कोन बदलून आणि न बदलता केलेल्या मोजमापाचे आकडे असतील तर एक्झामिनरला विचार करावाच लागतो.

अडचण अशी की हे आकडे अहवाल आल्यावर गोळा करून भागत नाही. उत्तराला ६ महिने मिळतात, मुदतवाढही मागता येते, पण कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त क्लेम आकसण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा खुलाशापुरती. मूळ विवरणात, म्हणजे अर्जासोबत दिलेल्या तांत्रिक वर्णनात, नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, रँकिंगमध्ये पेटंटचे गुण मिळतात, त्यामुळे अर्ज घाईने जातात. १८ महिन्यांनी शुक्रवारच्या जर्नलमध्ये अर्ज नुसता प्रसिद्ध झाला की कॉलेजच्या फाटकावर "पेटंट मिळाले" असा फ्लेक्स लागतो. परीक्षण तेव्हा सुरूही झालेलं नसतं. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते, आणि तिची मुदत २०२४च्या नियमांनी ४८ महिन्यांवरून ३१ वर आणली आहे. अर्जाची नोंद मुंबईत होते, परीक्षक मात्र कोलकात्याचा किंवा चेन्नईचाही असू शकतो, आणि सुनावणी व्हिडिओवर होते. तिथे निर्णय विरुद्ध गेला तर २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून दाद उच्च न्यायालयात मागायची, आणि तिथेही तपासलं जातं ते पहिल्या दिवशी दाखल केलेलं विवरणच.